उजवं दार

॥ श्री ॥
मुलुंड (पूर्व),
दि. ८ जानेवारी १९८४

ती. ताईस, मार्तंडचा शि. सा. न. वि. वि.

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: दोन पंख, त्यांच्या आतल्या बरगड्या अठ्ठावीस (केल्या बत्तीस, चार मनासारख्या उतरल्या नाहीत म्हणून बंबात घातल्या), शेपटी, सुकाणू, पेट्रोलची टाकी, तीनदा, बसायच्या दोन खुर्च्या, ज्यांच्या गाद्या सुगंधाच्या मशीनवर पण मी स्वतः शिवल्या, पायातली पॅडलं, समोरची पाटी आणि तिच्यात घड्याळं बसवायची भोकं, घड्याळं नव्हेत, चाकं दुमडून पोटात घ्यायची सगळी यंत्रणा, आणि ती करायला लागलेली सोळा हत्यारं, कारण तसली हत्यारं बाजारात मिळत नाहीत. इंजिन, पंखा आणि टायर विकत आणले, हे मी कोणापासून लपवलेलं नाही.

तुझ्या पत्रात एकच ओळ होती, ‘विमानाचं अजून किती राहिलंय रे?’ म्हणून आधी झालेलं लिहिलं. राहिलंय ते एकच. उजवं दार.

तू कधी विमानात बसली नाहीस म्हणून समजावून सांगतो. (मीही बसलेलो नाही, पण माझी गोष्ट वेगळी आहे.) विमान वर गेलं की चाकं लोंबकळत ठेवली तर वाऱ्याला अडतात. म्हणून ती दुमडून पोटातल्या खोबणीत घ्यायची. पण खोबण उघडी राहिली तर त्या भगदाडात पुन्हा वारा शिरतो. म्हणून तिला दारं. चाक आत गेलं की दार मिटलं पाहिजे, चाक बाहेर यायच्या आधी उघडलं पाहिजे. डावं दार असं मिटतं की फटीत पोस्टकार्ड शिरत नाही. उजव्या दाराचा मागचा कोपरा मात्र एक बोटभर उघडा राहतो. मी मोजलं आहे, बोट माझंच.

विमान खात्याच्या साहेबांचं पत्र आलं आहे. शनिवार दि. १८ फेब्रुवारीला ते विमानाच्या शेडवर येतील. यापूर्वी दोनदा मुदत दिली, आता नाही. पाच वेळा चाकं वर-खाली करायची, पाचही वेळा दोन्ही दारं नीट उघडली-मिटली पाहिजेत. नाहीतर फाईल बंद. दारं काढूनच टाकली तर, असं तू म्हणशील. सुगंधाही म्हणाली. पण मंजूर नकाशात दारं आहेत. दारं काढली तर ते दुसरं विमान होतं आणि अर्ज पहिल्यापासून. पहिल्यापासून म्हणजे अकरा वर्षं, ताई. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांचा असेन.

एक काम कर. यापुढे अंतर्देशीय पाठवू नकोस, पोस्टकार्ड पाठव. फट मोजायला मला कोरं-करकरीत कार्ड लागतं, माझ्याकडची वापरून मऊ पडली. आणि बॉलपेन दाबून लिहू नकोस, मागे उठाव येतो आणि माप चुकतं.

भावोजींना माझा नमस्कार सांग, आणि त्यांनी काही सुचवू नये असंही सांग. ते कपाटं करतात, हे विमान आहे.

इतकं पुरे. दार मिटेना म्हणून माया आटू देऊ नये.

तुझा,
मार्तंड

॥ श्री ॥
मालाड (पश्चिम),
दि. १४ जानेवारी १९८४

चि. मार्तंडास अनेक आशीर्वाद.

कार्ड पहिलं. दुसरं सोबतच पेटीत टाकते, पण तुला बहुतेक तेच आधी मिळेल. न दाबता लिहिते आहे, त्यामुळे अक्षर दुखणाईतासारखं आलंय. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे.

उघडं कार्ड म्हणजे सगळ्या गावाचं, हे तुला कोण सांगणार? तुझ्या पाकिटाचा नुसता डिंक सुटला होता, तर काल पोस्टमनने मला जिन्यात थांबवून विचारलं की मुलुंडच्या विमानाचं काय झालं. खालच्या वनमालाबाईंनी तर उजव्या दारासाठी मारुतीला तेल घालते म्हणून सांगितलंय. मी नको म्हटलं नाही. तुझ्या अकरा वर्षांत मारुतीला कोणी विचारलंच नव्हतं.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. कपाटाचं वाक्य गाळून. पण हे म्हणाले, मधे काहीतरी गाळलंस. तेरा वर्षं झाली तरी तुझी ती यादी ह्यांच्या पाकिटात आहे. लग्नात मेहुण्याला हौसेने कपाट करून द्यावं आणि मेहुण्याने ओळंबा लावून त्याचे सात दोष क्रमवार लिहून पाठवावेत, असं दुसऱ्या कोणाच्या घरी झालेलं मी ऐकलं नाही. मग माणूस मुलुंडला पाय कसा टाकेल?

(कार्ड दुसरं.) तरी ह्यांनी एक विचारलं. दाराबद्दल नाही. ते म्हणाले, विमान उभं कशावर आहे ते विचार. एवढंच म्हणाले आणि ताक मागितलं.

जेवणाच्या वेळा सांभाळ. सुगंधाला आशीर्वाद. ह्या कार्डाला ग्रीस लावलंस तरी चालेल, पण आधी वाचून घे.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
मुलुंड (पूर्व),
दि. २९ जानेवारी १९८४

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

दोन्ही कार्डं मिळाली. दुसरं आधी. पहिलं मापाला उत्तम आहे, दुसऱ्याचा एक कोपरा दुमडला होता.

भावोजींना सांग की विमान घोड्यांवर उभं आहे. सुताराचे असतात तसले चार लाकडी घोडे, चारही मी केलेले, चारांची उंची सारखी, मिलिमीटरचा फरक नाही. चाकं वर-खाली करून बघायची तर विमान उचलून धरायलाच लागतं. पण मुळात विमान ही उडायची वस्तू. ती कशावर उभी आहे, हा प्रश्न कपाटवाल्यालाच सुचतो. हे गाळून वाच.

या तीन आठवड्यांत काय काय केलं ते क्रमाने लिहितो. पहिल्यांदा दाराची तार पाव इंच आखूड केली. दार तसंच. मग बिजागरी बदलली. दार तसंच. मग स्प्रिंग जास्त ताकदीची घातली, तेव्हा दार असं आपटलं की साबणाच्या कारखान्याचा वॉचमन धाकू पलीकडच्या फाटकातून काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं कोणी शेडचा पत्रा चोरतंय. (पाटकरांचा साबणाचा कारखाना बंद पडल्यापासून ही शेड मला फुकट मिळाली आहे, ती या धाकूच्याच शब्दावर, तेव्हा त्याला चहा पाजला.) कोपरा तरीही बोटभर उघडा. मग कोपऱ्याला बाक देऊन पाहिला. आता पुढचा कोपरा उघडा राहतो आणि मागचाही.

सुगंधा म्हणाली, दोन दिवस त्याच्याकडे बघूच नका. मी म्हटलं, दार म्हणजे रुसलेली नणंद नव्हे. त्यावर ती आत गेली, आणि तेव्हापासून मी शेडमध्येच जेवतो.

काळजी नसावी. वीस दिवस आहेत आणि मला अजून सहा उपाय सुचले आहेत. वनमालाबाईंना सांग, तेल चालू ठेवायला हरकत नाही.

घाईत आहे, पण आठवण घाईतली नाही.

तुझा,
मार्तंड

॥ श्री ॥
मुलुंड (पूर्व),
दि. ७ फेब्रुवारी १९८४

ती. सौ. वन्सं यांस, सुगंधाचा शि. सा. न.

मुद्दाम बंद पाकिटातून लिहिते आहे. कार्डावर लिहिलं तर हे ते फटीत घालायच्या आधी वाचतील.

ह्यांनी तुम्हाला सहा उपाय कळवले असतील. ते सहाही झाले. रविवारपासून सातवा सुचलेला नाही. नोकरीच्या कारखान्यातून येतात, चहा तसाच ठेवतात आणि शेडवर जाऊन विमानाच्या पोटाखाली सतरंजी टाकून वर बघत पडतात. हातात कानस असते, पण आवाज येत नाही. वन्सं, लग्नाला तेरा वर्षं झाली, पण हातात हत्यार आणि आवाज नाही, असं मी ह्यांना पाहिलेलं नाही.

काल मी डबा घेऊन गेले. मला वाटलं दाराबद्दल काही सांगतील, कारण नेहमी सांगतात आणि मी हूं हूं म्हणते. काल ते वर बघतच म्हणाले, “सुगंधा, मला येत नव्हतं की काय गं हे?” मी डबा उघडून पुढे ठेवला. सुरळीच्या वड्या होत्या, एक खाल्ली.

मला त्या विमानाचं काही नाही. ते उडलं तर मी डोळे मिटून घेणार आहे. पण फाईल बंद झाली तर हा माणूस शनिवारी घरी येऊन काय करेल, ते मला कळत नाही.

म्हणून एक विनंती आहे. भावोजींना पाठवा. पण दारासाठी आलेत असं दिसता कामा नये, नाहीतर हे फाटक लावून घेतील. आपलं कपाट बिघडलंय, त्यासाठी बोलावलं असं मी सांगेन. अडचण एवढीच की कपाट बिघडलेलं नाही. ते सातही दोष ह्यांनी पहिल्याच वर्षी स्वतः काढून टाकले, आणि तेव्हापासून ते दार नुसत्या करंगळीने लागतं. पण त्याचं मी बघते. बिजागरीत एक चिंचोका घातला तर जमेल असं वाटतं.

तुमच्या पाठीवरच्या हाताची सवय झाली आहे, तो काढू नये.

आपली,
सुगंधा

॥ श्री ॥
मालाड (पश्चिम),
दि. ९ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. सुगंधास अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. ह्यांना वाचून दाखवलं, या वेळी काही न गाळता. तुझ्या नवऱ्याने विचारलेलं ते वाक्य आल्यावर ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग एकदम म्हणाले की माणूस उद्धट आहे, पण माप खोटं बोलत नाही. सात दोषांपैकी सहा खरे होते, हे ह्यांनी आज तेरा वर्षांनी कबूल केलं. सातव्यावर अजून ऐकत नाहीत.

रविवारी सकाळी येतील. मी पंचे आणि डबा देऊन पाठवते. चिंचोका वरच्या बिजागरीत घाल, खालच्यात घातलास तर पत्रा वाकेल, असं ह्यांनी सांगितलं आहे.

मार्तंडला हे पत्र दाखवू नकोस. बाकी माझा जीव तुम्हा दोघांपाशीच असतो, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
वन्सं

॥ श्री ॥
मुलुंड (पूर्व),
दि. १३ फेब्रुवारी १९८४

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काल तुझे यजमान आमच्याकडे आले. योगायोग असा की आमच्या कपाटाचं दार शनिवारीच अडकलं. मी स्वतः पाहिलं, तर वरच्या बिजागरीत काहीतरी अडतंय. काढणार तोच सुगंधा म्हणाली, ज्याने केलं त्यालाच करू दे. भावोजींनी दोन मिनिटांत ते नीट केलं. काय अडकलं होतं विचारलं तर म्हणाले, माझ्याच हातची चूक, आणि काहीतरी खिशात टाकलं. तेरा वर्षांनी का होईना, माणूस चूक मान्य करतो म्हटल्यावर मलाही चहा विचारायला लागला. आणि चहा म्हटला की शेड आली, कारण माझं सगळं सामान तिथेच.

आता पुढचं नीट वाच. मी तुला खोटं कधी लिहिलं नाही, आजही लिहीत नाही.

भावोजी शेडमध्ये आले आणि त्यांनी दाराकडे पाहिलंच नाही. मला राग आला. अकरा वर्षांचं काम समोर उभं, आणि हे गृहस्थ विमानाला एक प्रदक्षिणा घालून खाली बघतायत. मग त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं. मला वाटलं तहान लागली. दिलं. त्यांनी ते चारही घोड्यांच्या मधोमध जमिनीवर ओतलं.

पाणी क्षणभर थांबलं आणि निघालं. सरळ. उजव्या बाजूला, मागच्या घोड्याच्या पायाखालून भिंतीकडच्या गटारीत. तोवर धाकू येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, जाणारच साहेब, साबणाचा खार वाहून जावा म्हणून पाटकर शेटनी जमीन उतारावर करून घेतली होती, जुन्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, मग अकरा वर्षांत मला का नाही सांगितलंस? तर म्हणतो, तुम्ही विमान करत होता, मला वाटलं तुम्हाला उतारच पायजे असेल.

ताई, मी घोडे मोजले, पंख मोजले, फट कार्डाने मोजली. जमीन मोजली नाही. ती मी केलेली नव्हती, म्हणून ती चुकीची असेल हे डोक्यातच आलं नाही. नाही, हेही बरोबर नाही. जे दुसऱ्याने केलेलं, ते मी नेहमी मोजतो. जमीन कोणी केलेली असते, हेच मला सुचलं नाही.

मागचा उजवा घोडा खाली, म्हणून इंजिनाच्या वजनाने मधला सांगाडा पिळला गेला होता. दार सरळच होतं, चौकट वाकडी होती. भावोजी म्हणाले, कपाटाचं दार लागेना की नवा कारागीर दाराला कानस लावतो आणि जुना पायाखाली बघतो. सुगंधाने घरातले जेवायचे दोन पाट आणून दिले. ते घोड्याखाली सारले, वर पत्र्याच्या तीन पट्ट्या दिल्या, पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध आला. मी दाराला दिलेला बाक काढला आणि हँडल फिरवलं.

उजवं दार मिटलं. आवाजही आला नाही. मी तुझं पहिलं कार्ड लावून पाहिलं. शिरलं नाही.

सुगंधाने हात जोडले. धाकूने टाळी वाजवली. आणि मी डावीकडे पाहिलं, तर डावं दार बोटभर उघडं. त्याला मी वाकड्या चौकटीवर इतकं अचूक बसवलं होतं, की चौकट सरळ झाल्यावर तेच वाकडं ठरलं. माझी वाट लागली म्हणून मी सतरंजीवर बसलो. तेव्हा तुझे यजमान माझ्या शेजारी बसले, पाकिटातून तो जुना कागद काढला आणि म्हणाले, “मार्तंडराव, माझ्या कपाटात सात दोष होते. तुमच्या विमानात शोधून एक सापडला, आणि तोही विमानात नाही. चला, डावं दार उतरवा.”

पाच दिवस आहेत. डावं दार नव्याने करायचं. मागे ते करायला मला चार महिने लागले होते. मी कारखान्यात रजा टाकली आहे. भावोजी रोज येतो म्हणालेत. त्यांचा डबा तू दोघांचा करून पाठवलास हे मला कळलं आहे, आणि त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

पत्र गाळून वाचायची गरज नाही.

तुझा,
मार्तंड

॥ श्री ॥
मुलुंड (पूर्व),
दि. १९ फेब्रुवारी १९८४

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

भावोजींनी काल घरी येऊन सगळं सांगितलं असेलच. पण ते थोडक्यात सांगतात, म्हणून मी नीट लिहितो.

डावं दार काल सकाळी सव्वाआठला बसलं. साहेब दहाला यायचे होते. या पाच दिवसांत तुझ्या यजमानांचा आणि माझा अकरा वेळा वाद झाला. त्यात सहा वेळा त्यांचं बरोबर निघालं आणि चार वेळा माझं. अकरावा अजून चालू आहे. पत्रा वळवायला त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी त्यांच्यासमोर बोललो नाही, तू बोल. रंग अजून ओला होता. सुगंधाने पुठ्ठ्याने वारा घातला.

साहेब आले ते दहा मिनिटं आधी. वयाने माझ्याच एवढे, चष्मा, हातात फाईल. पहिल्यांदा त्यांनी पाट पाहिले आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, जमीन उतरती आहे. त्यांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं असेल म्हणून पुढची दहा मिनिटं मी हँडलच पुसत होतो.

पहिल्यांदा हँडल फिरवलं, चाकं आत, दारं बंद. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तसंच. चौथ्यांदा डावं दार अर्ध्यावर थबकलं. ओला रंग चिकटला होता. मला तेव्हा विमान दिसेना, साहेब दिसेनात. मग ते आपलं आपण हललं आणि मिटलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, रंग वाळू द्या, मी चहा घेतो, पुन्हा एकपासून मोजू. पुन्हा पाच वेळा केलं. पाचही वेळा दोन्ही दारं मिटली. त्यांनी खाली वाकून चार बोटं फटीवरून फिरवली आणि विचारलं, दारं कोणी केली. ताई, अकरा वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. मी म्हटलं, उजवं मी, डावं आम्ही दोघांनी.

फाईलवर ‘समाधानकारक’ असा शेरा आहे. खाली सही आहे. पुढच्या महिन्यात पंख सुटे करून ट्रकने जुहूला न्यायचं. तिथे एक निवृत्त कॅप्टन पहिल्यांदा उडवून पाहतील. मागच्या खुर्चीत कोण बसणार यावर इथे चर्चा चालू आहे. सुगंधा म्हणते, मी बसावं. धाकूने स्वतःहून नाव दिलं आहे.

तू आणि भावोजी येणार, हे धरून चाललो आहे. भांडायला माणूस हवा, तेवढी मर्जी राखावी.

तुझा,
मार्तंड

ता. क. हे फक्त तुला. सुगंधाला बोललेलो नाही. शुक्रवारी दुपारी, डावं दार खाली काढलेलं असताना, अंधेरीहून एक सिनेमावाले गृहस्थ गाडीतून आले होते. धाकूच्या मेहुण्याकडून त्यांना विमानाचं कळलं. पिक्चरच्या शेवटी त्यांना एक विमान मढच्या किनाऱ्यावर स्फोटात उडवायचं आहे. तेव्हा दार होईल अशी मला खात्री नव्हती, हे तुला सांगतो. मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. शनिवारी फाईल बंद झाली तर हे उरलेलं लाकूड कोण घेणार, हाही विचार मनात आला. म्हणून प्रामाणिकपणे सांगितलं की डावं दार अजून मिटत नाही. ते हसले आणि म्हणाले, जळताना दार कोण बघतो? आहे तसं द्या. मी नाही म्हटलं. भावोजी तेव्हा विमानाच्या पोटाखाली होते, त्यांनी सगळं ऐकलं आणि फक्त बारीक कानस मागितली. त्यांनी तुला अजून सांगितलं नसेल, तर तू माणूस चांगला निवडलास. आकडा माझ्या साडेचार वर्षांच्या पगाराएवढा होता. रोख देत होते, पैसे गाडीतच होते. पंच्याऐंशी हजार.